मांडीवरचा कोहळा

महाडच्या वकिलांत श्रीधरपंतांना हरवणे कठीण, असे कोर्टातला पट्टेवालासुद्धा सांगत असे. साक्षीदार त्यांच्यासमोर उभा राहिला की आपण आपले नाव तरी खरे सांगतो आहोत ना, अशी त्याला शंका यायची. पण घराचा उंबरा ओलांडला की पंतांची वकिली चपलांशेजारी बाहेर राहायची, कारण घरात त्यांची थोरली बहीण बनुअक्का होती आणि तिच्या निकालावर अपील नव्हते. हे दोघे बहीणभाऊ जन्मात एकदाच एका बाजूने भांडले, आणि त्याच खटल्यात दोघेही सपशेल हरले. हरवले कोणी, तर धाकट्या सुनेने, आणि तेही फारसे न बोलता.

ही धाकटी सून म्हणजे विनोदिनी. माहेर पुण्याचे. तिचा नवरा डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला गेला आणि जाताना दोन गोष्टी महाडला ठेवून गेला: एक बायको आणि एक मोटार. बायकोबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मोटार मात्र साऱ्या आळीच्या डोळ्यांत खुपत होती. पुण्याच्या एका पारशी गृहस्थाने हौसेने घेतलेली आणि हौस फिटल्यावर विकलेली ती शर्यतीच्या घडणीची उघडी गाडी होती. रंग हिरवा, नाक लांबलचक, जमिनीपासून उंची एवढीच की आत बसताना माणसाला पाटावर बसल्यासारखे वाटावे. आणि बसायला जागा किती, तर दोन! "एवढं लोखंड वापरलं आणि माणसं दोन," असे श्रीधरपंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. गाडी गोठ्यात म्हशीशेजारी उभी असे. विनोदिनी आठवड्यातून एकदा पदर खोचून तिचे इंजिन चालवून बघे. तेवढ्या वेळात म्हैस दूध चोरते, असे बनुअक्काचे ठाम मत होते.

पण त्या वर्षीच्या वैशाखात ही गाडीच सगळ्यांच्या तोंडी आली, आणि त्याला कारण थोरली सून कालिंदी.

कालिंदीला क्षयाची बाधा झाली तेव्हा तिचा मोरू दूधपिता होता आणि शकू जेमतेम तीन वर्षांची. तिला पाचगणीला नेऊन ठेवले. तिचा नवरा अवधूत, म्हणजे पंतांचा थोरला मुलगा, तिच्याजवळ राहता यावे म्हणून तिथल्याच एका शाळेत मास्तर झाला. मुले महाडला राहिली, ती विनोदिनीच्या हाताखाली. हाताखाली म्हणायचे आपले, खरे म्हणजे तिच्या कडेवर, तिच्या कुशीत आणि तिच्या डोक्यावर. मोरू बोलायला लागला तो पहिल्यांदा "काकू" म्हणाला. आई म्हणजे भिंतीवरचे चित्र, एवढीच त्याची समजूत होती.

आणि वैशाखात पाचगणीहून निरोप आला. डॉक्टरांनी सांगितले होते, कालिंदीची छाती स्वच्छ झाली, आता मुलांना धोका नाही, खुशाल जवळ आणा. मात्र तिने पावसाळाभर तरी घाट उतरू नये. अवधूतने सॅनिटोरियमच्या बाहेर लहानसा बंगलाही भाड्याने बघून ठेवला होता. निरोपाच्या शेवटी कालिंदीचे दोनच शब्द होते: मुले आणा.

सोपी वाटते तेवढी ही गोष्ट सोपी नव्हती. पाचगणीच्या शाळांना उन्हाळ्यात सुटी नसते, तेव्हा अवधूत येऊ शकत नव्हता. पोलादपूरच्या पुढे घाटाच्या पायथ्याचा लहान पूल खचला होता. त्यावर फळ्या टाकून पायी माणसे, बैलगाडी आणि हलकी वाहने सोडत. उतारूंची सर्व्हिस मोटार बंद. बैलगाडीने जावे तर वाटेत मुक्काम करायचा, आणि घाटाखालच्या वस्त्यांत गोवर घरोघर फिरत होता. पाऊस लागला की घाट बंद, आणि मग थेट दिवाळीपर्यंत आईला मुले नाहीत. मोरू तेव्हा दोन वर्षांचा होऊन गेला असता. तोवर त्याच्या लेखी आई कोण आणि वाटेवरची बाई कोण!

रात्रीच्या जेवणाच्या पंक्तीत सगळे मान खाली घालून जेवत होते. विनोदिनीने वाढता वाढता सांगून टाकले, "मामंजी, गोठ्यातली गाडी त्या पुलावरून जाईल. मी नेते मुलांना."

पंतांच्या हातातला घास हातातच राहिला. बनुअक्काने आतून विचारले, "काय म्हणाली ती?" आणि तिला कळले तेव्हा तिने स्वयंपाकघरात जी भांडी आदळली, ती शेजारच्यांनीही ऐकली.

पण दोन दिवस विचार करून पंतांनाच दुसरी वाट दिसेना. हा माणूस अडून बसणारा असला तरी कालिंदीचे दोन शब्द त्याच्या काळजाला लागले होते. तेव्हा त्यांनी परवानगी दिली, पण वकिली अट घालून. "सूनबाई, गाडी तू चालव. शेजारच्या जागेवर मी. मोरू माझ्या मांडीवर आणि शकू माझ्या पायांशी. मोरूला मी उपरण्याने पोटाशी बांधून घेतो. संपला प्रश्न."

"मांडीवर नको," विनोदिनी म्हणाली.

आता, प्रवासात लेकरू मांडीवर घ्यायचे असते, हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. गाडीत, होडीत, डोलीत, सगळीकडे लेकरू मांडीवरच. मांडी हीच त्याची जागा. बनुअक्काने तर या मांडीवर आठ पोरे वाढवली होती, त्यातली तीन दुसऱ्यांची. त्यामुळे "मांडीवर नको" हे वाक्य तिला "पोराला घास भरवू नका" यासारखे वाटले. आणि पंतांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या वेगळ्याच कारणाने. तरुणपणी ते तालमीत जाणारे गृहस्थ. भर पुरात सावित्री नदीतून वासरू खांद्यावर घेऊन बाहेर आले होते, ही गोष्ट महाडात ज्याला ठाऊक नसेल त्याला ते स्वतः सांगत.

"माझ्या हातातून नातू निसटेल असं म्हणायचंय तुला?" त्यांनी हात पुढे केले. हात खरोखरच दणकट होते.

"तुमच्याच काय, कोणाच्याही हातातून निसटेल. गाडी थांबते तेव्हा आतलं माणूस थांबत नाही, मामंजी. ते पुढे जातच राहतं. पुण्याला शिकताना मी एकदा ब्रेक दाबला तर ह्यांच्या मांडीवरचा डबा समोरच्या फळीवर जाऊन चेपला. ह्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता."

"डबा आणि नातू यात फरक असतो. नातवाला मी जीव खाऊन धरीन."

विनोदिनीने वाद घातला नाही. सांडग्यांसाठी बनुअक्काने माजघरात कोहळे आणून ठेवले होते, त्यातला एक तिने उचलला. मोरूला एका कडेवर घेतले, कोहळा दुसऱ्या कडेवर, वजन जुळते आहे का बघितले, आणि मोरूला खाली ठेवून त्याची कुंची कोहळ्याच्या डोक्याला बांधली. "चला मामंजी. हा तुमचा नातू. नदीकडच्या रस्त्याने एक चक्कर मारून येऊ. तो तुमच्या हातात राहिला तर मोरू तुमच्या मांडीवर."

पंत हसले. खटला इतका सोपा कधी आला नव्हता. त्यांनी धोतर सावरले, टोपी घट्ट केली, गाडीत उतरून बसले आणि कोहळा मांडीवर घेऊन त्याला अशी मिठी मारली की कोहळ्यालाच गुदमरावे. आळीतली झाडून सगळी माणसे मागे धावली.

नदीकडचा रस्ता सरळ आणि मोकळा होता. गाडीने वेग घेतला, वारा पंतांच्या कानात शिरला, आणि त्यांना मनातल्या मनात, कोणाला सांगू नका, मजाही वाटली. एवढ्यात विनोदिनी म्हणाली, "मामंजी, धरा हं!" आणि तिने ब्रेक दाबला.

सांगूनसवरून दाबला, तरी पुढे काय झाले ते पंतांना नीट कळले नाही. हात त्यांचेच होते, पण ते आपोआप उघडले आणि समोरच्या फळीकडे धावले, स्वतःला वाचवायला. कोहळा त्यांच्या आधी तिथे पोचला होता. त्यावर पंतांची छाती आदळली. फाट्कन आवाज झाला, आणि पांढरा गर त्यांच्या मिशांपासून काचेपर्यंत उडाला. मागून पळत आलेल्या मंडळींना वाटले की वकिलांनी प्रवासाआधी गाडीची दृष्ट काढून कोहळा फोडला. कोणीतरी "छान केलंत!" असे ओरडलेही.

त्यांच्या धोतरावर कोहळ्याचे तुकडे होते आणि एका तुकड्याला मोरूची कुंची चिकटून राहिली होती. ती कुंची त्यांनी उचलली, झटकली आणि किती तरी वेळ हातात धरून ठेवली. स्वतःच्या हातांचा त्यांना त्या घडीला राग आला, आणि शेजारी सुकाणूला हात लावून बसलेल्या मुलीबद्दल जे वाटले ते रागाच्या अगदी उलटे होते. ते म्हणाले एवढेच, "घरी चल. अक्का कोहळा विचारील."

त्या दिवसापासून पंत त्या गाडीच्या तयारीत असे गुंतले, जणू काही गाडी त्यांनीच आणली होती. गाडीच्या दोन्ही बैठकांच्या पाठीमागे एक खोलगट जागा होती. गाडीचा कापडी टप दुमडून ठेवायची आणि सामान कोंबायची ती जागा. मोठे माणूस तिथे मावले नसते, पण मुले मावत होती. विनोदिनीने तिथून टप, पेट्रोलचा डबा, हत्यारे, सारे काढले. टोकदार, जड असे काही मुलांजवळ ठेवायचे नाही, अगदी खाऊचा डबासुद्धा नाही, खाऊ फडक्यात. बुरूडआळीत जाऊन तिने मापाचे दोन हारे, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपल्या, विणून घेतले, रानात बायका डोक्यावर नेतात तसेच, पण एका बाजूने उंच पाठीचे. ती पाठ बैठकीच्या पाठीला भिडवून ठेवायची, म्हणजे मुलांची तोंडे मागच्या रस्त्याकडे. आत गोधड्यांच्या घड्या. होल्डॉलचे चामडी पट्टे बैठकीच्या लोखंडी पट्ट्यांतून ओवून हारे आवळायचे, आणि मऊ लुगड्याच्या चौपदरी पट्ट्याने मुलांना खांद्यांवरून नि कमरेशी हाऱ्याला बांधायचे.

"तोंड मागे कशाला?" पंतांनी उलटतपासणी सुरू केली. आता मात्र ती खरोखर समजून घेण्यासाठी होती.

"गाडी थांबली की मूल पुढे जायला बघणार. पुढे त्याची पाठ टेकलेली असेल, गोधडीला. साऱ्या पाठीवर भार येईल. मानेला हिसका नाही, डोक्याला फळी नाही."

पंतांनी हारा दोन्ही हातांनी गदागदा हलवला. गाडी हलली, हारा हलला नाही. बनुअक्का हे सगळे दारातून बघत होती. उलट्या तोंडाने प्रवास म्हणजे काय अभद्र, असे ती म्हणणार होती. पण मग तिच्या लक्षात आले की मुलांची तोंडे जाताना घराकडे राहणार. घराकडे बघत गेलेले माणूस घरी परत येते, असे तिने स्वतःच ठरवले आणि दोन्ही हाऱ्यांना हळदकुंकू लावले. तिच्या विरोधाचा निकाल तिनेच असा लावून टाकला.

पहाटे निघाले. शकू हाऱ्यात राणीसारखी बसली होती आणि मागे पळणाऱ्या प्रत्येक झाडाला हात हलवत होती. मोरूने पोलादपूरपर्यंत अंगठा चोखला. विनोदिनी गाडी अशी चालवत होती की सायकलवाल्यानेही पुढे जावे. वळणाआधी भोंगा, खड्ड्याआधी गाडी हळू, आणि मधूनमधून "शकू, मोरू काय करतोय?" असा प्रश्न, कारण मागे वळून बघायचे नाही हा तिचाच नियम. बघायचे काम पंतांचे. रिकाम्या मांडीवर हात ठेवून ते अवघडून बसले होते. मांडी रिकामी असताना हातांचे काय करायचे असते, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

घाटाच्या पायथ्याला खचलेला पूल आला. तिथे दुरुस्तीच्या कामावर कुडपणचा गोमाजी मुकादम होता. पुलाच्या फळ्या बघायला विनोदिनी त्याच्याबरोबर खाली उतरली आणि इकडे मोरूने सूर लावला. गाडी थांबलेली, वारा थांबलेला, ऊन चढलेले, आणि काकू दिसेना. तो असा रडला की कामावरच्या बाया पाट्या टाकून गोळा झाल्या.

"अगो बाय, पोराला कोंबड्यावानी डालून ठेवलाय," रखमा नावाची एक म्हातारी म्हणाली. "वकीलसाहेब, तुमी आजा ना त्याचं? पोर रडतंय आन् तुमच्या मांडीव कोन नाय. घ्या की त्याला!"

पंतांना कोहळा आठवत होता. पण समोर नातवाचे लाल झालेले तोंड होते, आणि सभोवार दहा बायांचे डोळे. साऱ्या जिल्ह्यापुढे न डगमगणारा माणूस त्या डोळ्यांपुढे डगमगला. थोडा चढ तर आहे, गाडी हळूच जाणार, असे त्यांनी स्वतःला समजावले, पट्टा सोडला आणि मोरूला मांडीवर घेतले. मोरू लगेच गप्प झाला. बाया हसल्या. रखमेने बोटे मोडून त्याची दृष्टही काढली.

विनोदिनी वर आली. तिने मांडीवरच्या मोरूकडे बघितले, मग पंतांकडे. रस्त्याच्या कडेला एक दगड होता, त्यावर जाऊन बसली.

"सूनबाई, चल की."

"तो हाऱ्यात बसला की जाऊ."

"अगं, रडून रडून जीव जाईल त्याचा."

"रडल्याने जात नाही, मामंजी."

रखमेला हे सहन झाले नाही. "तुला काळीज हाय का नाय गो? सोताचं पोर असतं तर अशी बांधली असतीस काय?"

हे बोलणे कुठे लागले, ते पंतांना दिसले. लग्नाला चार वर्षे होऊन विनोदिनीची कूस रिकामी होती, आणि हे आळीतले कोणी तिच्या तोंडावर बोलत नसे. तिचा चेहरा पांढरा पडला. पण ती दगडावरून उठली नाही, रखमेला उलट बोलली नाही आणि मोरूकडे हातही केला नाही. नुसती बसून राहिली, साऱ्यांच्या शिव्या पदरात घेत. मोरूला घेऊन समजावणे तिला सगळ्यांत सोपे होते. पण मग पुढच्या थांब्यावर पंतांनी पुन्हा तेच केले असते. त्यांना हे कळले तेव्हा लाज वाटली. कोर्टात एवढी माणसे विरुद्ध गेली तर आपण आवाज चढवतो, आणि ही पोर गप्प बसून जिंकते आहे, असे त्यांच्या मनात आले.

त्यांनी मोरूला उचलले, हाऱ्यात बसवले आणि स्वतःच्या हाताने पट्टे आवळले. मोरू किंचाळला. पंत त्याला म्हणाले, "रड बाबा, पोटभर रड. मीही रडतो हवं तर." आणि बायांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "माझी सून सांगते तेच होणार. तिला काळीज आहे म्हणूनच ती दगडावर बसली. मला अक्कल नव्हती म्हणून पोर मांडीवर आलं."

गोमाजीने बायांना कामाला पिटाळले. फळ्यांवरून गाडी अलगद पलीकडे गेली. गाडीला वारा लागला तसा मोरू हुंदके देत देत निवला.

घाटाची चढण सुरू झाली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मधून तांबडी वाट. बरीच वळणे मागे पडली. पुढे एक उताराचा तुकडा लागला. तिथल्या वळणावर विनोदिनीने भोंगा वाजवला, पण वळणापलीकडे बांबूंनी भरलेली बैलगाडी होती, आणि तिचे बैल भोंग्यानेच बुजले. वळताच समोर आडवी गाडी, तिच्यातून रस्ताभर बाहेर आलेले बांबू, आणि त्यांची टोके थेट काचेच्या उंचीला.

या वेळी "धरा हं" म्हणायला वेळ नव्हता. विनोदिनीने सारा भार ब्रेकवर टाकला. चाके घसरत करकरली, धूळ उडाली, आणि पंतांचे कपाळ समोरच्या काचेच्या चौकटीवर आदळले. बांबूंची टोके गाडीच्या नाकाशी येऊन थांबली.

पंतांच्या भुवईतून रक्त ओघळून डोळ्यात येत होते, पण ते त्यांना कळत नव्हते. त्यांचे दोन्ही हात समोरच्या फळीवर पसरलेले होते, छाती फळीवर टेकली होती, आणि फळी नि छाती यांच्यामध्ये ओंजळभरही जागा नव्हती. ती जागा कोणाची होती, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. मागे वळून बघायचे धैर्य त्यांना होईना.

"आजोबा!" मागून शकूचा आवाज आला. "मोरू हसतोय. परत करा ना!"

पंतांनी वळून बघितले. दोन्ही हारे जागच्या जागी होते. मोरू गोधडीत पाठ रुतवून बसला होता आणि मागच्या धुळीच्या लोटाकडे बघून खरोखरच हसत होता. त्याच्या अंगावर खरचटल्याची खूणसुद्धा नव्हती. पंतांचे डोळे भरून आले, आणि रक्त आणि पाणी एकत्र त्यांच्या मिशीत उतरले. विनोदिनीने मागे हात नेऊन आधी मोरूचे डोके चाचपले, मग शकूचे, मग फडके काढून सासऱ्यांच्या कपाळावर दाबून धरले. बांबूवाल्याने हात जोडले. ती त्याला म्हणाली, "तुमचे बैल तर ठीक आहेत ना?"

पाचगणीला पोचले तेव्हा ऊन कलले होते. बंगल्याच्या ओट्यावर कालिंदी उभी होती, अवधूत तिच्या शेजारी. ती भरली होती, गालांवर रंग आला होता. धावत यायची बंदी असल्यामुळे ती खांबाला धरून उभी होती. शकूने तिला क्षणभर न्याहाळले आणि "आई" म्हणून थेट कुशीत शिरली. मोरूने मात्र विनोदिनीच्या मानेत तोंड खुपसले. कालिंदीने हात पुढे केले तेव्हा त्याने काकूचा पदर मुठीत आवळला. कालिंदीचे हात तसेच राहिले. साऱ्या आजारात ती जेवढी खचली नसेल तेवढी त्या क्षणी खचली.

विनोदिनीने मोरूची मूठ एकेक बोट करून सोडवली. त्याला कालिंदीच्या कडेवर दिले, आणि त्याने हंबरडा फोडला तशी ती वळून ओटा उतरली आणि चालत गाडीपाशी गेली. गाडीचे झाकण उघडून ती आत वाकली. इंजिनाला काही झाले नव्हते. पंत तिच्यामागे गेले. तिचे हात यंत्रावर नुसते टेकलेले होते आणि ओट्यावरून येणारी प्रत्येक किंकाळी तिच्या पाठीवर उमटत होती. एकदा तिचे पाऊल ओट्याकडे वळलेही, पण तिने ते मागे घेतले.

किती तरी वेळाने शकू धावत आली. "काकू, आई विचारतेय, मोरूला झोपवताना तू काय म्हणतेस? मला सगळं येत नाही."

ती अंगाई विनोदिनीने स्वतः जुळवली होती, रोज रात्री थोडी थोडी, मोरूसाठी. ती दुसऱ्या कोणाला पुरी येत नव्हती. विनोदिनी गुडघे टेकून शकूजवळ बसली आणि तिच्या कानात एकेक ओळ सांगत गेली. शकू चुकली की पुन्हा सांगत होती, तिच्याकडून घोकून घेत होती, शेवटच्या ओळीपर्यंत. मग तिला आईकडे पाठवले.

ओट्यावर कालिंदीने सुरुवात केली. आवाज कच्चा होता, शब्द अडखळत होते, शकू मधूनच दुरुस्त करत होती. मोरूचे रडणे आधी तुटक झाले. मग नुसते हुंदके. मग कालिंदीचा आवाज तेवढा राहिला.

श्रीधरपंत साऱ्या जन्मात कोणाची तोंडावर स्तुती करणारे नव्हते. पण आता त्यांना राहवले नाही. त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, तू फार मोठी आहेस गं. आम्हा सगळ्यांपेक्षा मोठी."

विनोदिनीने ओट्याकडे कान लावलेलाच होता. डोळे पुसत ती म्हणाली, "हळू बोला, मामंजी. त्याला आत्ताच डोळा लागतोय."